आवडता दिग्दर्शक कसा ठरवावा, त्याच्यावर बोलावं कसं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात आम्ही काही सिनेमावेडी मंडळी अधूनमधून कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतो. एक दिग्दर्शक ठरवतो, त्याचे सिनेमे आपापल्या सवडीने बघून येतो आणि मग त्यावर मनसोक्त बोलतो. त्यात बँकेतले आहेत, यंत्रमाग कारखान्यातले आहेत, कॉलेजातली पोरं आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. नवीन कुणी आलं की ठरावीक प्रश्न निघतातच, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. बैठकीतल्या सगळ्यांना ती पटतातच असं नाही.

आवडता दिग्दर्शक असायलाच हवा का? आवडता नट असला की पुरत नाही का?

पुरतं की. सिनेमाची गोडी बहुतेकांना नटामुळेच लागते. पण नटाचा माग काढत गेलात तर दिग्दर्शक आपोआप भेटतात. अतुल कुलकर्णी आपल्या सोलापूरचे. त्यांच्यासाठी म्हणून ‘दहावी फ’ आणि ‘देवराई’ बघितलेत की दोन्हीकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर हीच नावं दिसतील. मग ‘वळू’ बघितलात तर नट तोच, पण सिनेमाचा स्वभाव साफ वेगळा. तिथे उमेश कुलकर्णी आहेत. नट तोच असताना सिनेमाचा पोत इतका कसा बदलला, हा प्रश्न मनात आला की समजायचं, तुम्ही दिग्दर्शकाकडे बघायला लागलात. याचा रोजचा फायदाही आहे. आज रात्री काय बघायचं, यावर घरात अर्धा तास मोबाइल चाळत बसावं लागत नाही.

दिग्दर्शक नेमकं करतो काय? कथा लेखकाची, कॅमेरा कॅमेरामनचा, अभिनय नटाचा. मग त्याचं काय उरतं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. शाळकरी जब्याचं सगळं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, जब्याला भीती आहे ती शाळेतल्या पोरांनी, विशेषतः त्याला आवडणाऱ्या शालूने आपल्याला बघण्याची. डुक्कर अगदी हाताशी येतं आणि शाळेकडून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरचेही जिथल्या तिथे थांबतात. डुक्कर मात्र थांबत नाही, ते निघून जातं.

कागदावर हा प्रसंग तीन-चार ओळींत मावतो. आता पुढचे निर्णय बघा. माणसं किती वेळ स्तब्ध दाखवायची? डुक्कर जाताना दिसू द्यायचं की नुसता आवाज? जब्याचा चेहरा जवळून घ्यायचा की सगळं कुटुंब लांबून? पार्श्वसंगीत ठेवायचं का? प्रेक्षकाला हसू आलं तर येऊ द्यायचं का? मला स्वतःला तिथे आधी हसू येतं आणि लगेच घशात काहीतरी अडकतं. या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडवून आणणं हे दिग्दर्शकाचं काम. पुढे तेच डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीसमोरून नेलं जातं आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले असतात. कुणी एक शब्द बोलत नाही. ती भिंत चौकटीत यावी, माणसं तिच्यासमोरूनच जावीत, हेही कुणीतरी ठरवलेलं आहे.

लेखक, छायालेखक, संकलक, ध्वनी सांभाळणारे या सगळ्यांचं श्रेय मोठं आहे. चर्चेत त्यांची नावं घेतलीच पाहिजेत. पण ‘हे असं, तसं नको’ हे शेवटी ज्याने म्हटलं तो दिग्दर्शक.

‘सोंगाड्या’ दादा कोंडक्यांचा, ‘नाळ’ नागराजचा, बरोबर ना?

दिग्दर्शनापुरतं म्हणाल तर दोन्ही चूक. ‘सोंगाड्या’ (१९७१) दादांनी काढला, त्यात तेच नायक, पण दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादांचं दिग्दर्शन बघायचं असेल तर ‘पांडू हवालदार’ (१९७५) घ्या. ‘नाळ’ (२०१८) नागराज मंजुळेंच्या निर्मितीचा, त्यात ते दिसतातही. दिग्दर्शक मात्र सुधाकर रेड्डी यक्कंटी, म्हणजे ‘सैराट’चा कॅमेरा ज्यांनी सांभाळला ते. ‘नाळ’मधली मोकळी रानं आणि त्यातून पळणारं पोर बघताना हे लक्षात ठेवलं तर सिनेमा आणखी उलगडतो. श्रेयनामावली चालू असताना उठून जाऊ नका, एवढी एक सवय लावून घ्या.

एखादा दिग्दर्शक आवडता आहे असं म्हणायला त्याचे किती सिनेमे बघितलेले असावेत?

मी तीन म्हणतो, आणि तिन्ही एकाच काळातले नकोत. एक सुरुवातीचा, एक गाजलेला आणि एक फारसं कुणी नाव न घेतलेला. एका सिनेमावरून तो सिनेमा आवडला एवढंच कळतं.

डॉ. जब्बार पटेलांचं उदाहरण घेऊ. ते आपल्याच जिल्ह्याचे, जन्म पंढरपूरचा, शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ. ‘सामना’ (१९७४), ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) ओळीने बघा. ‘सामना’त नीळू फुले साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव आहेत. ‘सिंहासन’मध्ये तेच नीळूभाऊ सत्तेचा खेळ बाजूला उभं राहून बघणारा पत्रकार दिगू होतात. ज्या चेहऱ्याचा धाक वाटायचा त्याच चेहऱ्यावर इथे हतबलता येते. एकाच नटाला सत्तेच्या दोन टोकांना बसवणं ही मला पटेलांची फार मोठी नजर वाटते. साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात ‘सामना’ बघताना हिंदुराव कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता इथेच एक गुंता आहे, आणि चर्चेला खरा रंग त्यानेच चढतो. या तिन्ही सिनेमांची पटकथा विजय तेंडुलकरांची. मग आपल्याला आवडलं ते तेंडुलकरांचं की पटेलांचं? उत्तर शोधायचा मार्ग सोपा आहे. पटेलांनी तेंडुलकरांशिवाय केलेलं काम बघा. ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आहे, ‘एक होता विदूषक’ (१९९२) पु. लं.नी लिहिलेला. ‘जैत रे जैत’मध्ये डोंगर, मधमाश्या आणि गाणी यांनीच गोष्ट पुढे सरकते, बोलण्याला दुय्यम जागा आहे. विदूषकात तमाशाचा कलावंत राजकारणाच्या फडात ओढला जातो. समूहात माणसं कशी उभी करायची, गाण्याला गोष्टीत कुठे जागा द्यायची, हे तेंडुलकर नसतानाही तितकंच पक्कं आहे. ते पटेलांचं. उलट संवादातली ती धारदार चिरफाड जिथे कमी होते, तिथे तेंडुलकर किती होते ते कळतं. असं दोन्ही हातांनी तोलून बघितल्यावर जो आवडता ठरतो, तो मग सहसा हलत नाही.

नागराज मंजुळे आपल्या जेऊरचे. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून आवडता म्हटलं तर ते खरं मत धरायचं का?

धरायचं. करमाळा तालुक्यातली ती माती, ती बोली, उन्हाने रापलेले ते रस्ते आपल्याला आतून माहीत आहेत. कुठला शब्द कुठल्या गावात कोण वापरतं ते आपल्याला कळतं आणि मुंबईच्या प्रेक्षकाला कळत नाही. ही आपली जमेची बाजू आहे, ती लपवायचं कारण नाही. आर्चीची भाषा अकलूज-करमाळ्याकडे ऐकलेल्या माणसाला त्यात काहीच ‘गावरान’ वाटत नाही. ती नुसती भाषा वाटते.

मात्र आपला माणूस म्हणून त्याला प्रश्नच विचारायचे नाहीत, असं करू नका. ‘सैराट’ आणि ‘फँड्री’ यांतला तुम्हाला जास्त खोल कुठला वाटतो? ‘झुंड’ (२०२२) नागपूरच्या वस्तीत गेल्यावर काय टिकलं, काय सैल पडलं? हे विचारणं हाही मानच आहे.

जाता जाता एक गोष्ट. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, शाळेच्या सहलीत पोरं तिथे जाऊन येतात. याच सोलापूरच्या डॉक्टरवर व्ही. शांतारामांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, दिग्दर्शन त्यांचं आणि कोटणीसांची भूमिकाही त्यांचीच. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरची. शांताराम आवडते म्हणणाऱ्या सोलापूरकराने तो बघितलेला नसेल तर मला खरोखर वाईट वाटतं.

आमच्या घरी तेलुगू सिनेमेच चालतात. मराठी बैठकीत त्या दिग्दर्शकांवर बोललं तर चालेल का?

चालेल काय, बोललंच पाहिजे! पूर्व भागात घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्ही आणि थोडी दखनी, अशी आपल्या शहराची रीत आहे. अक्कलकोटच्या बाजूला गेलात की कन्नड. चार भाषांचे सिनेमे उपशीर्षकांशिवाय बघू शकणारी माणसं एकाच बैठकीत बसतात, हे भाग्य पुण्या-मुंबईच्या फिल्मी मंडळींनाही सहज मिळत नाही. त्याचा उपयोग करून घेतलाच पाहिजे.

आमच्याकडे एक मावशी येतात. आयुष्य विडी वळण्यात गेलं, सिनेमाचं कुठलं पुस्तक वाचलेलं नाही. पण ‘मायाबझार’ (१९५७) वर त्या बोलायला लागल्या की सगळे गप्प बसतात. घटोत्कच झालेल्या एस. व्ही. रंगारावांसमोर लग्नाचं ताट मांडलंय आणि लाडू आपले आपण उडून तोंडात जातायत. मावशी विचारतात, लाडू तोंडाकडे जाताना त्याचे डोळे कुठे बघतात ते पाहिलं का? खाणारा आपल्या आनंदात आहे, आपण काही चमत्कार करतोय असा भाव त्याच्या चेहऱ्यावर नाही, म्हणून तो चमत्कार खरा वाटतो. संगणक नसलेल्या काळात के. व्ही. रेड्डी आणि छायालेखक मार्कस बार्टली यांनी हे साधलं. दिग्दर्शनावर यापेक्षा नेमकं भाष्य मी फार कमी वाचलंय.

तेलुगूत के. विश्वनाथ आहेत. ‘शंकराभरणम’ (१९८०) पासून सुरुवात करा. २०१६ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. राजामौलींवर बोलायचं तर नुसता ‘बाहुबली’ नको, ‘ईगा’ही घ्या. त्यात नायक मरून माशी होऊन येतो, पुढचा जवळपास सगळा सिनेमा त्या माशीच्या जिवावर चालतो आणि आपण तिच्या बाजूने उभे राहतो. कन्नडमध्ये गिरीश कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ (१९७७) बघाच. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी आणि हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. त्याला त्या वर्षीचं सुवर्णकमळ मिळालं. विधवेच्या वाट्याला आलेला छळ एका लहान मुलाच्या नजरेतून दिसत राहतो, त्यामुळे काही गोष्टी त्यालाही अर्धवट कळतात आणि आपल्याला मात्र पूर्ण कळतात.

मला मसाला सिनेमाच आवडतो. लोकांसमोर सांगायची लाज वाटते.

लाज कशाला? गाणी, मारामारी, विनोद आणि रडणं हे सगळं एका सिनेमात बेतणं फार अवघड काम आहे. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदला शंभरहून अधिक आठवडे चालला, तो काय उगाच? फक्त ‘टाइमपास आहे’ म्हणून सोडून देऊ नका. गाणं नेमकं कुठे आलं आणि तिथेच का आलं, शिट्टी कुठल्या क्षणाला पडली आणि त्याआधी दिग्दर्शकाने किती वेळ तंगवलं, ते सांगा.

सत्यजित रायसारखे दिग्दर्शक मोठे आहेत हे मान्य, पण सिनेमे संथ वाटतात. काय करावं?

संथ वाटतात तर तसं सांगा, मोठं नाव आहे म्हणून आवडल्याचं सोंग कुणी करू नये. फक्त दोन गोष्टी करून बघा. एक, दिवसभराच्या कामाने थकलेलं असताना, रात्री अकराला असा सिनेमा लावू नका. रविवारी सकाळी लावा. दुसरं म्हणजे ‘आता काय होणार’ याच्याऐवजी ‘आत्ता काय दिसतंय, काय ऐकू येतंय’ याकडे लक्ष द्या.

‘पाथेर पांचाली’त (१९५५) अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी बघायला जातात. आधी विजेच्या खांबाची गुणगुण ऐकू येते, दुर्गा खांबाला कान लावते. मग लांबवर धूर. मग गाडी. पाहिलं तर काहीच घडत नाही, पण ज्या पोराने गाडी कधी पाहिलेली नाही त्याच्या छातीतली धडधड आपल्यापर्यंत पोचते. या प्रसंगाचं थोडं चित्रण करून राय काही दिवसांनी परत गेले, तर तोवर गुरांनी सगळी काशफुलं खाऊन टाकली होती. त्यांनी पुढच्या मोसमात फुलं येईपर्यंत वाट पाहिली आणि मग राहिलेलं चित्रण केलं. पैशाची ओढाताण चालू असताना हे केलं! संथपणाबद्दल तक्रार करताना हेही मनात असू द्यावं असं मला वाटतं.

तरीही नाही जमलं तर ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) घ्या. भाषा हिंदी-उर्दू, संजीव कुमार आणि सईद जाफरी बुद्धिबळात बुडालेले आणि तिकडे अवधचं राज्य चाललंय. आमच्यातले कितीतरी जण रायपर्यंत याच वाटेने पोचले.

चर्चेत ‘भारी आहे’, ‘बोअर आहे’ याच्या पुढे मला बोलता येत नाही.

येतं. एकच प्रसंग उचला आणि त्याच्याबाहेर जाऊ नका. आमच्या बैठकीत नवीन माणसाला आम्ही हेच सांगतो: सिनेमा सांगू नका, एक प्रसंग सांगा. त्यात काय दिसलं, काय ऐकू आलं, काय दाखवलं नाही. एवढं बोललात की मत आपोआप तयार होतं.

‘सैराट’चा शेवट घ्या, सोलापुरात तो कुणाला सांगायचा राहिलेला नाही. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. पोर शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं आहे. खून आपल्याला दाखवलेला नाही. आणि आवाज बंद झालेला आहे, अगदी पूर्ण. पोर रडतंय ते दिसतं, ऐकू येत नाही. रक्ताने माखलेली छोटी पावलं उमटत जातात. आता पहिला अर्धा भाग आठवा. अजय-अतुल यांच्या संगीताचा नुसता पूर होता, थिएटरात पोरं पडद्यासमोर जाऊन नाचली. हैदराबादला गेल्यावर गाणी थांबली. शेवटी तर आवाजच गेला. म्हणजे ज्या संगीताने आपल्याला ओढून आणलं ते दिग्दर्शकाने हळूहळू काढून घेतलं आणि आपल्याला शांततेत एकटं सोडलं.

हे बोलायला कुठलीही परिभाषा लागली नाही. ‘लाँग शॉट’, ‘कट’, ‘फ्रेम’ हे शब्द येत असतील तर वापरा, नसतील तर ‘लांबून दाखवलं’, ‘मध्येच तोडलं’ म्हणा. अर्थ तोच.

वाद पेटला तर? आमचे भावजी तर माझ्या आवडत्या दिग्दर्शकाचं नाव काढलं की हसतात.

भावजींना विचारा, कुठला सिनेमा बघून हे मत झालं आणि त्यातला कुठला प्रसंग खटकला. सांगता आलं तर नीट ऐकून घ्या, बऱ्याचदा विरोधकाला आपल्याला न दिसलेलं काही दिसलेलं असतं. नाही सांगता आलं तर दोघांनी मिळून एक सिनेमा बघा आणि मग भांडा. आमच्याकडे नियम एकच आहे: न बघितलेल्या सिनेमावर मत द्यायचं नाही. हा नियम कडक आहे आणि तो पाळायला लावताना मी कुणाच्या वयाचा किंवा हुद्द्याचा विचार करत नाही.

जगातले सर्वोत्तम दिग्दर्शक म्हणून ज्या याद्या येतात त्या मानायच्या का?

वाटाड्या म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९५२ला पहिला नंबर डी सिकांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’चा. पुढे १९६२ ते २००२ ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’. २०१२ला हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’, जो आला होता १९५८ साली. २०२२ला शांताल आकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान डिएलमन’. सिनेमे जुनेच होते, बघणारे बदलले. शिवाय १९९२ पासून दिग्दर्शकांचा कौल वेगळा घेतात आणि तो समीक्षकांच्या कौलाशी नेहमी जुळत नाही. मग तुमची यादी त्यांच्याशी जुळली नाही तर बिघडलं कुठे?

स्वतःची यादी करताना क्रमांक देऊ नका. प्रत्येक नावापुढे एक प्रसंग लिहा. प्रसंग आठवत नसेल तर ते नाव ऐकीव आहे, तूर्त बाजूला ठेवा.

माझ्या यादीत एकही दिग्दर्शिका नाही. काही चुकतंय का?

यादीत नाही कारण आपल्यापर्यंत त्यांचे सिनेमे कमी पोचवले गेले, आपणही शोधले नाहीत. मराठी माणसाला तर सबब नाही. सई परांजपेंचा ‘स्पर्श’ (१९८०) आणि ‘कथा’ (१९८३) बघा. ‘कथा’मध्ये चाळीतली प्रत्येक खोली, प्रत्येक शेजारी लक्षात राहतो. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासातून सिनेमाकडे आल्या, ‘बाई’ (१९८५) हा त्यांचा पहिला लघुपट. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘अस्तु’ असं करत ‘कासव’ला (२०१६) सुवर्णकमळ मिळालं. सुनील सुकथनकरांबरोबर जोडीने त्यांनी जे काम उभं केलं त्यात मनाचं आजारपण, म्हातारपण, विस्मरण हे विषय इतक्या मायेने येतात की आजारी माणूस घरात असलेल्याने ते सिनेमे बघावेतच. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या. माझ्या यादीत त्या सगळ्यात वर आहेत, हे इथे सांगून टाकतो.

दोघांनी मिळून केलेलं दिग्दर्शन असेल तर नाव कुणाचं घ्यायचं?

दोघांचं. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) एकट्या कुणाचा कसा म्हणणार?

दिग्दर्शकाचं खासगी वागणं वाईट असल्याचं कळलं तर?

कुणाला तो सिनेमा पुन्हा बघवत नाही, कुणी सिनेमा आणि माणूस वेगळे ठेवतो. दोन्ही मतांचा मान ठेवावा. मात्र ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची टिंगल आमच्या बैठकीत होऊ देत नाही. आणि ऐकीव अफवेवर चर्चा करत नाही.

सिनेमा बघायच्या आधी समीक्षा वाचावी का?

नंतर वाचा. आधी स्वतःचं मत दोन ओळींत लिहून ठेवा, मग वाचा.

जुने सिनेमे कुठे, कसे बघायचे? मोबाइलवर चालतं का?

दुसरं काही नसेल तर मोबाइलवरही बघा, पण कानाला चांगले हेडफोन लावा. अर्धा सिनेमा आवाजात असतो. शक्य असेल तेव्हा घरच्या टीव्हीवर, खोलीत अंधार करून. नवा मराठी सिनेमा मात्र पहिल्या आठवड्यातच थिएटरला जाऊन बघा. दुसऱ्या आठवड्यात तो राहील की उतरेल ते पहिल्या आठवड्याच्या गर्दीवर ठरतं, आणि ‘नंतर बघू’ म्हणता म्हणता कितीतरी चांगले सिनेमे आपल्या शहरातून निघून गेले.

पुणं आपल्याला फार लांब नाही. तिथलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालचं आहे आणि पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात देशोदेशीचे सिनेमे मोठ्या पडद्यावर मिळतात. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, दिवसभर सिनेमे बघायचे. परतीच्या गाडीत जी चर्चा रंगते ती घरच्या बैठकीतही रंगत नाही.

मुलांना यात कसं आणावं?

व्याख्यान देऊ नका. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’, माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ यातला एखादा लावा आणि मुलांबरोबर बसा. शेवटच्या सिनेमात एक पोरगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला गावोगाव फिरतो, बस्स. संपल्यावर एवढंच विचारा, ‘तुला कुठलं चित्र आठवतंय?’ मुलं जे सांगतात ते ऐकून आपल्याला सिनेमा परत बघावासा वाटतो.

आवड बदलली तर?

बदलू दे. विशीत जो अंगात भिनतो तो चाळिशीत पुन्हा बघितला की कधी फिका पडतो, कधी दुप्पट मोठा होतो. जुनी यादी फाडू नका मात्र, तारीख घालून ठेवा.

मी नवीन आहे. पहिल्यांदा कुठला दिग्दर्शक घेऊ?

घरात मराठीच चालत असेल तर उमेश कुलकर्णी घ्या. ‘वळू’ने सुरुवात करा, हसत हसत आत शिराल. मग ‘विहीर’ आणि मग ‘देऊळ’. पंढरीची ओढ असेल तर मकरंद मानेंचा ‘रिंगण’ बघा, कर्जात बुडालेला शेतकरी बाप आणि आईला शोधणारं पोर पंढरपुरात येतात, तिथल्या गल्ल्या तुमच्या ओळखीच्या असतील. राजकारणाची आवड असेल तर जब्बार पटेल, ‘सामना’पासून. तेलुगू येत असेल तर के. विश्वनाथ, आणि येताना तुमच्या आईला किंवा आजीलाही घेऊन या. त्यांना त्यातली गाणी पाठ असतात आणि आम्हाला ती समजावून घ्यायची असतात. हिंदीतून यायचं असेल तर बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (१९५३) आणि मग हृषीकेश मुखर्जी. मुखर्जी आधी बिमलदांचे संकलक होते, ते कळल्यावर त्यांच्या सिनेमातला नीटनेटकेपणा कुठून आला तेही दिसेल.

तीन सिनेमे बघून झाले की वहीत एक प्रसंग लिहा आणि पुढच्या बैठकीला या. आधी बोलायची पाळी नवीन माणसाची असते, जुन्यांनी तोवर मध्ये बोलायचं नाही.